मयताशी नाते

रात्रीचे दोन वाजून गेले होते. काचेपलीकडच्या मुलीने फॉर्म सरकवला, बोट ठेवून म्हणाली, "काका, इथे आणि इथे सही." पेशंटचं नाव मी भरलं. वय ५७. पत्ता कराडचा. त्याखाली रकाना होता, 'पेशंटशी नाते'. मी लिहिलं : मित्र. तिने कागद फिरवून वाचला आणि परत माझ्याकडे ढकलला. "नातेवाईक कोण आहे सोबत?"

नातेवाईक कोणीच नव्हतं. चार रात्री जागून वहिनी दुपारी कराडला गेल्या होत्या, सकाळच्या पहिल्या गाडीने परत यायच्या होत्या. मुलगा स्टुटगार्टला. त्याचं विमान दुसऱ्या दिवशी पोचणार होतं. त्या मुलीचा यात काही दोष नव्हता, तिला तसंच सांगून ठेवलेलं असणार. मी 'मित्र'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'मावसभाऊ'. मावसभावाचं आडनाव वेगळं असलं तरी चालतं, हे मला त्या क्षणी कसं सुचलं देव जाणे. कागद आत गेला. पाच मिनिटांत डॉक्टर बाहेर आले आणि संध्याकाळपासून मी ज्याला त्याला विचारत होतो ते सगळं त्यांनी मला नीट उभं राहून सांगितलं.

पुढे आठवड्याभराने दुसरा कागद समोर आला, तो माझ्या ऑफिसचा. शोकरजेचा अर्ज. त्यातही रकाना होता, 'मयताशी नाते'. या वेळी मी खरं लिहिलं. मनुष्यबळ विभागातल्या तरुणाने फोन केला, आवाज खरोखर हळवा केला, आणि सांगितलं की धोरणात आईवडील, पती-पत्नी, मुलं, भावंडं आणि सासू-सासरे एवढेच येतात. तुमचे दिवस आम्ही कॅज्युअलमध्ये टाकतो. टाकले. खोटं बोललो तिथे दार उघडलं आणि खरं बोललो तिथे रजा गेली. रजेचं एवढं काही नाही, माझ्या शिल्लक आहेत. पण हे दोन रकाने डोक्यातून जात नाहीत.

तो कोण होता ते सांगतो. नाव लिहीत नाही. नाव छापून आलेलं त्याला आवडलं नसतं, गिरणीवर पाटीसुद्धा त्याने कधी लावली नाही. १९७८ साली पाचवीत आम्ही एका बाकावर आलो ते आडनावांच्या अक्षरांमुळे. हजेरीपटावर तो तेवीस, मी चोवीस. "तेवीस" म्हटल्यावर तो "हजर" म्हणायचा आणि लगेच मला कोपर मारायचा, कारण माझं लक्ष खिडकीबाहेर असायचं. ते कोपर मारणं दहावीपर्यंत चाललं. नंतर मी शिकायला बाहेर पडलो, तो वडिलांच्या पिठाच्या गिरणीत बसला. पुढची चाळीस वर्षं मी कधीही कराडला गेलो की एसटी स्टँडवरून घरी जायच्या आधी गिरणीत जायचो. पट्ट्याच्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही एकमेकांच्या कानाशी ओरडून बोलायचो, आणि ती सवय अशी लागली की गिरणी बंद असतानाही आमचं बोलणं गल्लीला ऐकू जाई.

दगडांना टाकी लावायची असली की तो दुपारी गिरणी बंद ठेवायचा. वरचा दगड उलटा करून मांडीशी घ्यायचा आणि छिन्नीने एकेक चर पुन्हा उकरायचा. टक, टक, टक. डोळ्यांवर चष्मा, भुवया पिठाने पांढऱ्या, वयाच्या तिसाव्या वर्षापासून म्हाताऱ्यासारख्या. पीठ पडायला लागलं की अंगठा आणि पहिलं बोट यांमध्ये घासून बघायचा; भाकरीचं, चकलीच्या भाजणीचं, लाडवाच्या रव्याचं, प्रत्येकाचं बोटाला लागणं वेगळं. एकादशीच्या आधी राजगिरा आणि वरी दळायला बायका रांग लावत, तेव्हा तो आतलं गव्हाचं पीठ कुंच्याने झाडून काढल्याशिवाय एकाचंही दळण घेत नसे. मी म्हटलं, कोण बघतंय? तर म्हणाला, "उपास त्यांचा, पाप माझ्या दगडाचं."

१९९३ साली माझे वडील गेले तेव्हा मी नाशिकला होतो. तार नाही, फोन आला होता शेजारच्यांकडे, तो मला मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. सकाळी कराडला उतरलो तेव्हा लाकडं, मडकं, गुरुजी, नगरपालिकेतल्या नोंदीची तजवीज, सगळं झालेलं होतं. आईजवळ माझी आत्या बसली होती आणि दारात तो उभा होता, रात्रभर. दहा दिवस रोज सकाळी घाटावर माझ्याबरोबर आला. सुतक मला होतं. गिरणी त्याने बंद ठेवली. कोणी कारण विचारलं तर सांगायचा, पट्टा तुटलाय.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा जो माणूस आहे, त्याला आपल्या कागदांमध्ये जागा नाही आणि ती करून द्यायची वेळ आलेली आहे. हे केवळ माझं दुःख असतं तर मी ते गिळलं असतं. पण आजूबाजूला बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ निघाला. याचा साधा अर्थ करून बघा : एकुलत्या एकाशी एकुलत्या एकीचं लग्न झालं की त्यांच्या मुलाला काका नाही, आत्या नाही, मामा नाही, मावशी नाही, चुलत, आते, मामे, मावस कोणीच नाही. माझ्या त्या रात्रीच्या खोट्यातला मावसभाऊ पुढच्या पिढीला खोटं बोलायलासुद्धा उरणार नाही. त्यात मुलगा परदेशी, मुलगी बंगळुरूला. पुण्या-साताऱ्याच्या कुठल्याही सोसायटीत जाऊन विचारा की रात्री छातीत दुखलं तर कुणाला फोन करता. शेजारी, मित्र, जुना सहकारी. रिक्षात घालून नेणारा तो, डिपॉझिट भरणारा तो, बाहेरच्या बाकावर बसणारा तो. आणि काचेपाशी गेल्यावर त्याला विचारतात, नातेवाईक कोण आहे?

कायद्याला मित्र अगदीच माहीत नाही असं नव्हे. साक्षीदार म्हणून तो चालतो. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, विशेष विवाह कायद्याच्या लग्नाला तीन, आणि दोन्ही ठिकाणी साधारणपणे मित्रच उभे असतात. माझ्या लग्नाच्या कागदावर तेवीस नंबरची सही आहे, पिठाच्या बोटाचा ठसा वाटावा इतकी गचाळ. म्हणजे माझं लग्न झालं हे शपथेवर सांगायला तो पात्र, पण मी बेशुद्ध पडलो तर माझ्याबद्दल दोन शब्द ऐकायला अपात्र. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. त्यातली वारसांची उतरंड एकदा वाचण्यासारखी आहे : पहिला वर्ग, दुसरा वर्ग, मग पुरुषांच्या बाजूने जोडलेले दूरदूरचे, मग बायकांच्या बाजूने जोडलेले दूरदूरचे, आणि त्यातलं कोणीच सापडलं नाही तर सरकार. आयुष्यात एकदाही न बघितलेला असा कुणी सातव्या पिढीचा भाऊबंद चालतो, सरकार चालतं. इस्टेटीबद्दल माझी तक्रार नाही, ज्याला द्यायची त्याने मृत्युपत्र करावं, तो मार्ग मोकळा आहे. मी फक्त त्या यादीकडे बघतोय. माणसाचं कोण असतं, याबद्दल आपल्या व्यवस्थेची जी कल्पना आहे ती त्या यादीत उघडी पडते.

गंमत म्हणजे परंपरेची कल्पना इतकी कोती नव्हती. पितृपक्षात महालयाच्या दिवशी ज्यांची नावं घेऊन पाणी सोडायचं त्यांची यादी एका श्लोकात बांधलेली आहे, गुरुजी ती धडाधड म्हणतात. आईवडील, त्यांचे आईवडील, सावत्र आई, काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरा, गुरू, आणि शेवटी 'शिष्याप्ताः'. शिष्य आणि आप्त. या आप्तात स्नेहीसोबती येतात. अगदी शेवटी का होईना, एका समासात कोंबून का होईना, जागा आहे. आणि तर्पणात तर जे बांधव होते, जे बांधव नव्हते, जे कुठल्याशा दुसऱ्या जन्मी बांधव असतील, त्या सगळ्यांना पाणी आहे. एवढी मोठी ओंजळ आमच्या मनुष्यबळ विभागाला परवडणार नाही हे मान्य. पण ज्या समाजाच्या श्लोकात मित्र बसतो त्याच्या फॉर्मात तो का बसू नये?

श्लोक सोडा, पंढरपूरला चला. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीला होते, कूस कोसळलं आणि ते बाकीच्या मजुरांबरोबर खाली गाडले गेले. साल १३३८ मानतात. त्यांच्या अस्थी शोधायला गेले ते नामदेव. जात वेगळी, गोत्राचा प्रश्नच नाही. ढिगाऱ्यातल्या इतक्या हाडांतून चोखोबांची कुठली हे कसं ओळखलं, तर ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती, अशी कथा आहे. कथेतला चमत्कार बाजूला ठेवा. मला त्यात दिसतो तो सोबती. इतकी वर्षं शेजारी उभं राहून ज्याने त्याचा आवाज ऐकला आहे त्यालाच तो हाडांतून ऐकू येणार. नामदेवांनी त्या अस्थी पंढरपूरला आणून महाद्वारापाशी समाधी बांधली, आजही नामदेव पायरीसमोर ती आहे, आणि वारकरी आधी तिथे डोकं टेकवतात. त्या दिवशी मंगळवेढ्यात कुणी नामदेवांना 'मयताशी नाते' विचारलं असतं तर?

आणि आपण काय करतो? वर्तमानपत्रातली निधनवार्ता काढून बघा. "त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, नात असा परिवार आहे." हे वाक्य गेली कित्येक वर्षं हललेलं नाही. बातमी मोठ्या माणसाची असली तर पुढे 'मोठा मित्रपरिवार' येतो. त्या शब्दातली हुशारी बघा. मित्राला यादीत यायचं तर एकट्याने येता येत नाही, जमावाने यावं लागतं, आणि तेही शेपटाला 'परिवार' लावून घेऊन. भाषेनेही आपल्याला तसंच वळण लावलंय. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणतो, त्याच्या आईला आई म्हणायचो, त्याचा मुलगा मला काका म्हणतो. त्याच्या भोवतीचे सगळे माझे नातेवाईक झाले, मधला तेवढा राहिला.

एक ठिकाण मात्र आहे जिथे मित्राचं नाव ठळक छापलं जातं. चौकातला फ्लेक्स. 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे गेलेल्या पोराचा गॉगल लावलेला फोटो, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून दहा-पंधरा चेहरे, नावांसकट. मी या फ्लेक्सवर आयुष्यभर नाक मुरडत आलो. बहुतेक विनापरवाना असतात, सिग्नल झाकतात, त्यात पुढाऱ्याचा फोटो मेलेल्यापेक्षा मोठा असतो. आता जरा वेगळं वाटतं. त्या पोरांना ना वर्तमानपत्राच्या ओळीत जागा, ना ऑफिसच्या धोरणात. मुळात ऑफिसच नाही. गाडीवरून त्याला दवाखान्यात नेलं त्यांनी, रक्त दिलं त्यांनी, खांदा दिला त्यांनी. मग वर्गणी काढून ते चौकात लिहितात की हा आमचा होता. पुढारी काढून टाका, बाकी फ्लेक्स माझ्या अर्जापेक्षा प्रामाणिक आहे.

आता आक्षेप. तो मीच माझ्यावर घेतो, कारण सुरुवातीला मलाही तोच सुचला. नातं कागदावर सिद्ध करता येतं, मैत्री कशी करणार? रेशनकार्डावर भाऊ असतो, मित्र नसतो. उद्या कुणीही उठेल, फेसबुकवरच्या पाच हजारांपैकी एक गेला म्हणून रजा मागेल. त्याहून गंभीर : एकट्या म्हाताऱ्यांच्या भोवती 'मित्र' जमतात आणि सहा महिन्यांत फ्लॅट त्यांच्या नावावर झालेला असतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा याच भीतीतून आला. जवळच्या नातेवाईकाव्यतिरिक्त कुणी जिव्हाळ्यापोटी मूत्रपिंड देऊ म्हणालं तर ते प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं, आणि जायलाच हवं, कारण 'जिव्हाळा' या शब्दाआड या देशात मूत्रपिंडांचा बाजार चाललेला आहे. कायदा मित्राकडे संशयाने बघतो त्याला कारण आहे.

पण या आक्षेपात एक गोम आहे. मित्र म्हणजे कोण हे सरकारने ठरवावं असं मी म्हणतच नाही. ते ठरवायचं ज्याचं त्याने, शुद्धीवर असताना, आधी. मला मित्राची व्याख्या नको आहे, एक कोरी ओळ हवी आहे, जिच्यावर मी माझ्या हाताने एक नाव लिहीन. आणि हे आपल्या कायद्यात एका ठिकाणी झालेलंच आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बघा. त्यात प्रत्येक सज्ञान माणसाला आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमता येतो. तो नातेवाईक असण्याची अट नाही. सज्ञान असावा, काम करायला सक्षम असावा आणि तयार असावा, बस. आपण आगाऊ लिहून ठेवलेलं नाव असेल तर क्रमात ते पहिलं, नातेवाईक त्याच्यानंतर. मनाच्या आजारात जे चालतं ते फुप्फुसाच्या आजारात का चालू नये, याचं उत्तर मला कुठल्या वकिलाने दिलेलं नाही. एकाने फक्त "प्रॅक्टिकल नाही" म्हटलं.

रजेचंही तसंच. आपल्याकडे खासगी नोकरीत शोकरजेचा म्हणून वेगळा कायदाच नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ नैमित्तिक रजा दिल्या, त्यात लग्न, ताप, आधार केंद्र आणि मरण सगळं बसवायचं. बाकी कंपनीची मर्जी. न्यूझीलंडच्या २००३ च्या सुट्यांच्या कायद्यात जवळच्या नातेवाइकासाठी तीन दिवस आहेत आणि त्याबाहेरच्या कुणाही माणसासाठी एक दिवस, मालकाला दुःख खरं वाटलं तर; मृताशी किती घसट होती, अंत्यविधीत काही जबाबदारी होती का, चालीरीतीने काही कर्तव्य होतं का, हे त्याने बघायचं. एक दिवस. त्यासाठी त्या देशातली दुकानं बंद पडली नाहीत. मला विचाराल तर आपल्याकडे त्याहून सोपं करावं : वर्षाला दोन दिवस शोकाचे, कोण गेलं ते विचारायचंच नाही. कोणी लबाडी करील? करील की. मेलेल्या आज्या पुन्हा पुन्हा मारून आम्ही सगळ्यांनीच मॅच बघितलेल्या आहेत. नात्याच्या यादीने लबाडी थांबलेली नाही, फक्त खरं बोलणाऱ्याची रजा गेली आहे.

दवाखान्याच्या बाबतीत तर कायदा आपल्या सवयीच्या पुढे गेलेला आहे. सज्ञान, शुद्धीवरच्या माणसाच्या उपचाराला संमती त्याची स्वतःची लागते. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्वच्छ सांगितलं. तिथे बाई भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. तातडी नव्हती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, तेव्हा आईची सहीसुद्धा चालणार नाही, असं न्यायालय म्हणालं. तरी आपण फॉर्मात अजून 'नातेवाईकाची सही' छापतो, कारण उद्या तोडफोड करायला येणारा जमाव नातेवाइकांचा असतो. सही कायद्यासाठी कमी आणि त्या भीतीसाठी जास्त घेतली जाते. डॉक्टरांना मी त्याबद्दल दोष देत नाही.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. त्या रात्री डॉक्टरांनी मला विचारलं होतं की श्वास थकत चाललाय, नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल, तुमचं काय म्हणणं आहे? आणि मला माहीत होतं त्याचं काय म्हणणं आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ असाच नळ्या लावून तीन आठवडे पडून गेला होता. त्यानंतर एका दुपारी दगडाला टाकी लावता लावता, छिन्नी न थांबवता तो म्हणाला होता, "मला असलं काय करू नका रं. दगड झिजला की झिजला." मी हो म्हटलं होतं. त्या रात्री मात्र मी म्हणालो, "घ्या व्हेंटिलेटरवर." का? कारण मी खोटा मावसभाऊ होतो. खऱ्या भावाला नाही म्हणता येतं. खोट्याला नाही म्हणता येत नाही. उद्या कुणी विचारलं तू कोण, तर माझ्याकडे काट मारलेला एक शब्द होता.

तो पाच दिवस तसा राहिला. हात बांधलेले, कारण झोपेतही नळी ओढायचा. दुसऱ्या दिवशी मुलगा आला. सगळं उरकल्यावर, तेराव्यानंतर, तो गच्चीत माझ्याशी बोलला. पोर गुणी आहे, आवाज चढवला नाही. म्हणाला, "काका, मला एक फोन करायला हवा होता." माझा फोन लागला नव्हता, तो वाटेत होता, पण त्याचा मुद्दा तो नव्हता. आपला बाप नळीला नाही म्हणाला होता हे त्याला माझ्याकडून, बाप गेल्यावर कळलं. त्याला वाटलं ते बापाने त्याला सांगायला हवं होतं. मला वाटलं मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं. वहिनी म्हणाल्या, "मला दोघांनीबी सांगितलं नाही." कागदावर एक नाव असतं तर आम्ही तिघंही एकमेकांपुढे असे उभे राहिलो नसतो. लोक म्हणतात मित्राला अधिकार दिला तर घरच्यांवर अन्याय होईल. आमच्या घरी तो दिला नाही म्हणून झाला.

बरं, कागद असता म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं असंही नाही. कॉमन कॉज खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा आगाऊ निर्देशाला, म्हणजे शुद्ध हरपल्यावर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, तेव्हा अटी इतक्या होत्या की फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. २०२३ च्या जानेवारीत त्या सैल केल्या : न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, दोन साक्षीदार, दवाखान्यात डॉक्टरांची दोन मंडळं, आणि त्यांनी शक्यतो ४८ तासांत ठरवायचं. रात्री दोन वाजता ४८ तास कुठून आणणार? नळी बहुधा पडलीच असती. पण पाच दिवस राहिली नसती. आणि त्या निर्देशात आपल्या वतीने बोलणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. शब्द आहेत, 'पालक (म्हणजे गार्डियन) किंवा जवळचा नातेवाईक'. म्हणजे इथेही मित्राला सरळ दार नाही, पालक म्हणून वेषांतर करून यायचं. साक्षीदाराची जागा मात्र राखीव आहेच.

मला एक मान्य आहे. मैत्रीला कागद नसतो म्हणूनच ती मोकळी असते, हे म्हणणारे खोटं बोलत नाहीत. तेवीस नंबरला मी हा लेख वाचून दाखवला असता तर तो म्हणाला असता, आता मैत्रीला पण सात-बारा काढ. आम्ही कधी वाढदिवसाला भेट दिली नाही, मिठी मारली नाही, माझ्या आठवणीत 'मित्र' हा शब्द त्याने माझ्यासमोर उच्चारलेला नाही. असलं नातं फॉर्मात लिहायला लावणं त्याला चावटपणा वाटला असता. पण मोकळेपणाची किंमत कोण भरतं ते मी बघितलंय. ती तो भरतो, पलंगाला हात बांधलेला.

म्हणून गेल्या महिन्यात मी माझा कागद करायला घेतला. नोटरीची वेळ ठरवली. मुलगी म्हणाली, माझं नाव घाला. घालणार आहे, पण ती सिएटलला असते आणि तिला रडू लवकर येतं. बायको म्हणाली, माझ्याच्याने नाही म्हणवणार नाही, मला त्यात घालू नका. पालक म्हणून जे नाव हात न थांबता लिहिलं असतं ते आता लिहिता येत नव्हतं. दोन दिवस मी ती ओळ कोरी ठेवली. मग हजेरीपट आठवला. पंचवीस नंबर कराडलाच असतो, त्याचं खताचं दुकान आहे. शाळेत आमचं त्याच्याशी फारसं जमायचं नाही, चुगल्या सांगायचा. पण तेवीसच्या शेवटच्या सकाळी घाटावर तो सगळ्यांच्या आधी येऊन उभा होता, आणि लाकडं ओली निघाली तेव्हा कुणाला न सांगता जाऊन दुसरी घेऊन आला होता.

फोन केला. काय पाहिजे ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मागून पोत्याचं वजन करणाऱ्यांचा आवाज येत होता.

"तिकडं पुण्याला यावं लागंल का?" त्याने विचारलं. म्हटलं, हो. "आधारची झेरॉक्स?" म्हटलं, आण दोन. "बरं. आन् नळी नको म्हणायचं, एवढंच ना?"

म्हटलं, एवढंच.